सात सीटची मोठी गाडी घेताना: तपासणी शेवटच्या सीटपासून सुरू करा

मोठी एसयूव्ही बघायला गेलं की माणूस सगळ्यात आधी ड्रायव्हरचं दार उघडतो. उंच सीटवर बसतो, स्टिअरिंगला हात लावतो, समोरचा रुंद बॉनेट बघतो, आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. आमची पहिली सात सीटची गाडी मी अशीच घेतली. मागची सीट उघडते की नाही एवढं बघितलं, त्यावर बसलो मात्र नाही.

पहिल्याच लांबच्या प्रवासात आई तिसऱ्या रांगेत बसली. तीन तासांनी थांबलो तेव्हा तिला खाली उतरता येईना. आधी एक पाय बाहेर काढला, मग दाराची चौकट धरून ती तशीच वाकून उभी राहिली. गुडघा सरळ व्हायला वेळ लागला. ती काहीच बोलली नाही. पुढच्या वेळी निघायची तयारी सुरू झाली तेव्हा मात्र म्हणाली, "तुम्ही जाऊन या." गाडी घेतली होती ती सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून.

तेव्हापासून कुणासोबत मोठी गाडी बघायला गेलो की मी मागून सुरुवात करतो. आधी तिसरी रांग, मग दुसरी रांग, मग डिकी आणि शेवटी स्टिअरिंग. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी त्याच क्रमाने लिहितो आहे.

शोरूमला जाण्याआधी

एका कागदावर गाडीत बसणाऱ्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकाची साधारण उंची आणि वजन, आणि लहान मुलांची वयं. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला गाडी लागते, कुणाला चाइल्ड सीट लागणार, हेही टिपून ठेवा. मग स्वतःला विचारा, की सगळ्या सीट भरून गाडी महिन्यातून किती दिवस धावणार? रोज सहा-सात जण जाणार असतील तर निवड वेगळी, वर्षातून चार प्रवासांसाठी हवी असेल तर वेगळी.

रोज सात जण जाणार असतील तर एकदा एमपीव्हीही, म्हणजे माणसं नेण्यासाठीच बांधलेली व्हॅनसारखी गाडी, बघून या. सरकती दारं, खालची सपाट जमीन आणि मागे सरळ बसता येईल एवढी उंची या तिन्ही गोष्टींत चांगली एमपीव्ही बहुतेक एसयूव्हींपेक्षा सरस ठरते. एसयूव्ही घ्यावी ती खराब रस्ता, चढ, चिखल, बर्फ किंवा ट्रेलर ओढणं यासारखं काही खरं कारण असेल तेव्हा. ती दिसते छान हेही कारण होऊ शकतं, पण ते घरात मोकळेपणाने बोलून ठरवावं.

दुसरं काम टेपचं. गाडी जिथे उभी राहणार ती जागा मोजा. या आकाराच्या गाड्या साधारण पाच मीटरच्या आसपास लांब आणि दोन मीटरच्या आसपास रुंद असतात. माहितीपत्रकातली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते. आरशांसकट किती, ते वेगळं विचारा. दार पूर्ण उघडायला बाजूला किती जागा उरते ते बघा, आणि मागचं दार वर उघडलं की छताला लागेल का, तेही.

तिसरी रांग: पंधरा मिनिटं बसा

दोन मिनिटं कुठेही बसता येतं. म्हणून मागे बसा, दार लावून घ्या आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं बसून राहा. त्याआधी पुढच्या दोन्ही रांगांत माणसं बसवा आणि त्यांना हवी तशी सीट लावू द्या. दुसरी रांग पुढे सरकवून ठेवली की तिसरीत जागा भरपूर दिसते. शोरूममध्ये ती बहुतेक तशीच ठेवलेली असते.

बसल्यावर आधी मांड्या बघा. गुडघे कमरेपेक्षा खूप वर आले आणि मांड्यांखाली हात सहज सरकला, तर शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो आहे. आईला त्रास झाला तो यानेच. पाय ठेवायला पुढे जागा होती. पण सीट जमिनीच्या फार जवळ होती.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या गाड्या बघणं सोपं जातं. मागची दोन चाकं एकाच अखंड एक्सलला जोडलेली असतील, तर खड्ड्यात तो सगळा एक्सल वरखाली होतो. त्याला हलायला जागा हवी म्हणून वरची जमीन उचलावी लागते. जमीन वर आली, छत तिथेच राहिलं, मग सीट जमिनीला टेकवण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं की ही जमीन खाली आणता येते. फोर्ड एक्सपिडिशनने हा बदल २००३ च्या मॉडेलमध्ये केला, शेव्हरले टाहोने २०२१ च्या. दोन्हीही शिडीसारख्या मजबूत चेसिसवर बांधलेल्या अवजड गाड्या. तरीही नव्या टाहोच्या तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला पाय खाली सोडून बसता येऊ लागलं, ते मुख्यतः या एका बदलामुळे. म्हणून विक्रेत्याला विचारा, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे की अखंड एक्सल? अखंड एक्सलचेही फायदे आहेत, ओझ्याला आणि खडतर वाटेला तो टिकाऊ असतो. फक्त त्याची किंमत तिसऱ्या रांगेतला माणूस मोजतो.

मग डोक्याकडे या. डोकं छताला लागतं का, हेडरेस्ट वर ओढल्यावर डोक्याच्या मागे नीट येतो की मानेतच अडतो? मागची काच डोक्यापासून किती लांब आहे? बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखे उघडणारे एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे तोंडी विचारून भागणार नाही. गाडीचं मॅन्युअल मागवून त्यातलं चित्र बघा. बेल्ट स्वतः लावून बघा, तो गळ्यावर न येता खांद्यावर यायला हवा.

हवेचंही तसंच. एसीची जाळी दिसली म्हणजे हवा येते असं नाही. गाडी चालू करायला लावा, मागच्या जाळीवर हात धरा. मागे वेगळा ब्लोअर आहे की पुढचीच हवा तिथवर पोचते आहे, ते विचारा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तिसरी रांग सगळ्यात शेवटी गार होते आणि काच तिथून सगळ्यात जवळ असते.

ज्यांना गाडी लागते त्यांना मागे बसवण्याआधी विचार करा. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर किंवा त्यांच्याही मागे येते, त्यामुळे तिथे हेलकावे जास्त जाणवतात. खिडकी लहान असेल आणि पुढच्या सीटची पाठ उंच, तर बाहेरचं क्षितिज दिसत नाही, आणि मळमळ वाढते.

आता बाहेर पडा. विक्रेत्याला सीट सरकवू देऊ नका, ज्याला मागे बसायचं आहे त्यालाच आतून कळ ओढून बाहेर येऊ दे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती कळ सापडते का? ओढायला जोर किती लागतो? अपघातानंतर किंवा धुराने गाडी भरल्यावर हीच वाट असणार आहे. मागचं दार आतून उघडायची सोय काही गाड्यांत असते, ती कुठे आहे ते विचारून हाताने चाचपून बघा.

दुसरी रांग आणि चाइल्ड सीट

घरात चाइल्ड सीट असेल तर ती शोरूमला घेऊन जा. ओझं होईल, पण या एका कामाने मी लोकांचे निर्णय बदललेले बघितले आहेत.

एक प्रसंग सांगतो. ओळखीचं एक जोडपं, दोन लहान मुलं, आणि सोबत प्रवास करणारे आजी-आजोबा. गाडी जवळजवळ नक्की झाली होती. आम्ही दोन्ही चाइल्ड सीट दुसऱ्या रांगेत बसवल्या आणि आजोबांना म्हटलं, आता मागे जा. जाता येईना. त्या गाडीत दुसरी रांग पाठ दुमडून पुढे लोटली की तिसऱ्या रांगेची वाट उघडायची, आणि चाइल्ड सीट बसवलेली असताना पाठ दुमडतच नव्हती. म्हणजे दर वेळी आजी-आजोबांना बसवायला एक चाइल्ड सीट सोडवा, वाट उघडा, पुन्हा बसवा. काही गाड्यांत मूल नसलेली चाइल्ड सीट तशीच ठेवून सगळी सीट पुढे सरकते. काहींत मधे दोन सुट्या खुर्च्या असतात आणि त्यांच्यामधून चालत मागे जाता येतं. त्या कुटुंबाने शेवटी सुट्या खुर्च्यांची घेतली, एक जागा कमी झाली तरी.

आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे हुक कोणत्या सीटला आहेत ते मोजा. पुष्कळ गाड्यांत ते दुसऱ्या रांगेच्या फक्त दोन कडांना असतात, मधल्या जागेला आणि तिसऱ्या रांगेला नसतात. तीन मुलं असतील तर इथेच गणित चुकतं. हुक सीटच्या फटीत किती खोल आहेत, तेही बोटांनी बघा. रोज काढघाल करायची असेल तर त्याने फरक पडतो. चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायची जागा पाठीमागे असते, ती सामानाखाली तर दडत नाही ना? आणि हुकांना वजनाची मर्यादा असते. युरोपातल्या नियमांत खुर्ची आणि मूल मिळून ती ३३ किलो आहे. दोन्ही मिळून वजन त्यापुढे गेलं की खुर्ची गाडीच्या बेल्टने बांधायची, म्हणून बेल्टची लांबी पुरते का हेही आत्ताच बघून घ्यावं.

दुसऱ्या रांगेच्या मधल्या जागेवर मोठ्या माणसाला बसवा. तिथली गादी अनेकदा कडक आणि उंच असते, पायाखाली जमिनीचा उंचवटा असतो. गाडी आठ जणांची म्हणून विकली जात असेल तर आठवा माणूस इथे बसणार आहे.

डिकी: सगळ्या सीट उभ्या ठेवून

माहितीपत्रकात मोठा आकडा असतो तो सीट पाडल्यानंतरचा. तुम्हाला हवा तो तिन्ही रांगा उभ्या असतानाचा, आणि तो कधीकधी एका लहान हॅचबॅकपेक्षाही कमी निघतो.

दोन गाड्यांचे लिटर ताडून बघताना सावध राहा. युरोपात डिकी मोजायची जी रूढ पद्धत आहे तिच्यात २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे आत रचून मोजतात. पण एक कंपनी खिडकीच्या काठापर्यंत रचलेला आकडा छापते, दुसरी छतापर्यंतचा. दोन्ही आकडे खरेच, फक्त एकमेकांशी ताडता येत नाहीत. त्यापेक्षा घरच्या दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी सोबत न्या, तिसरी रांग उभी ठेवून आत ठेवा आणि मागचं दार बंद करून बघा. काचेचा उतार फार असेल तर खाली मावलेली बॅग वर अडते.

सामान सीटच्या पाठीपेक्षा वर रचणार असाल तर जाळी लावायची सोय आहे का? करकचून ब्रेक लागला की वरची बॅग थेट तिसऱ्या रांगेतल्या डोक्यावर येते.

स्टेपनी कुठे आहे ते याच वेळी विचारा. काही गाड्यांत ती बाहेरून गाडीच्या पोटाखाली असते, काहींत डिकीच्या जमिनीखाली, म्हणजे पंक्चर झालं की सगळं सामान रस्त्यावर काढायचं. काहींत पूर्ण आकाराचं चाक नसतं, बारीक तात्पुरतं चाक किंवा नुसता पंक्चरचा डबा असतो.

वजनाचं गणित

या पायरीकडे जवळजवळ कुणी लक्ष देत नाही. माझ्या मते ती तिसऱ्या रांगेइतकीच महत्त्वाची आहे.

प्रत्येक गाडीला दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं, म्हणजे कर्ब वेट, आणि जास्तीत जास्त परवानगी असलेलं भरलेल्या गाडीचं, म्हणजे ग्रॉस वेट. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, उरतं ते तुमचं. एक उदाहरण घेऊ. कर्ब वेट २,१५० किलो, ग्रॉस २,७५० किलो. उरले ६०० किलो, ऐकायला पुष्कळ वाटतात.

पाच मोठी माणसं सरासरी ७५ किलोची, म्हणजे ३७५. दोन मुलं प्रत्येकी ३० किलोची, म्हणजे ६०. राहिले १६५. छतावर कॅरिअर आणि डबा मिळून २५ किलो. राहिले १४०. सात जणांच्या बॅगा प्रत्येकी १२ किलो, म्हणजे ८४. राहिले ५६. आता मागे एक छोटा ट्रेलर जोडला आणि त्याचा दांडा हुकवर ८० किलोचा भार टाकतो आहे, तर गाडी मर्यादेच्या २४ किलो वर गेली. ट्रेलर ओढायची क्षमता दोन टन असली तरीही, कारण हुकवरचा भार गाडीच्या पोटात धरला जातो. (काही देशांत कर्ब वेटमध्ये ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो. आकडा कसा काढला आहे ते विचारल्याशिवाय वजाबाकी करू नका.)

अवजड इंजिन, पॅनोरमा छत, मोठी चाकं, बॅटरी ही सगळी याच ६०० मधून कापली जातात. म्हणून सगळ्यात महागड्या प्रकाराची क्षमता कधीकधी साध्या प्रकारापेक्षा कमी असते. पत्रकातल्या आकड्यावर थांबू नका, तुम्ही घेणार त्याच गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा.

छताची मर्यादा वेगळी असते, बहुतेक ७५ ते १०० किलोच्या आसपास, आणि तीत कॅरिअरचं वजनही येतं. वर ठेवलेलं ओझं गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतं, त्यामुळे वळणावर उंच गाडी आणखी कलते. जड वस्तू खाली आणि मागच्या सीटला लागून, हलक्या वर.

त्याच चौकटीवर टायरच्या हवेचे दोन आकडे असतात: थोडी माणसं असताना आणि पूर्ण भरलेली असताना. दुसरा बहुतेक मागच्या चाकांसाठी बराच जास्त असतो. भरलेली गाडी पहिल्या आकड्यावर लांब पल्ल्याला नेली की टायर तापतात.

आता स्टिअरिंग, आणि बॉनेटपुढची जमीन

उंचावर बसलं की सगळं दिसतंय असं वाटतं. लांबचं खरंच दिसतं, जवळचं नाही.

हे करून बघा. गाडी बंद करून ड्रायव्हरच्या जागी बसा. बाहेर कुणाला तरी बंपरच्या अगदी पुढे शाळेची बॅग उभी ठेवायला सांगा. दिसणार नाही. आता ती हळूहळू पुढे सरकवत न्यायला सांगा आणि तिचा वरचा काठ दिसला की थांबवा. उतरून चालत जा, पावलं मोजा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बॅग आणि बंपर यांच्यात माझी मुलगी आडवी झोपली असती एवढी जागा होती. तेवढ्या पट्ट्यात खाली वाकलेलं मूल चालकाला दिसत नाही. मागच्या बाजूलाही हेच करा, फक्त आरशात बघून आणि नंतर कॅमेऱ्यात. कॅमेरा आणि सेन्सर आहेत ते चांगलंच, पण कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखल बसतो, म्हणून डोळ्यांना काय दिसतं ते माहीत हवं. पुढच्या कॅमेऱ्याचा पर्याय असेल तर मोठ्या पडद्यापेक्षा मी पैसे तिथे घालीन.

सगळ्या हेडरेस्ट वर केल्यावर मधल्या आरशात मागची काच किती उरते? घरातलं जे जे कुणी गाडी चालवणार आहे त्या प्रत्येकाने सीट आपल्या मापाला लावून बघावी. उंचीने लहान माणसाला पेडलपर्यंत नीट पोचायला पुढे यावं लागतं, आणि मग समोरचा खांब डोळ्यांच्या आड येतो.

टेस्ट ड्राइव्ह: भरलेल्या गाडीतून

एकट्याने गुळगुळीत रस्त्यावर मारलेली दहा मिनिटांची चक्कर या गाडीबद्दल काही सांगत नाही. घरच्यांना घेऊन जा, सगळ्या सीट भरा, निदान एक तास मागा. विक्रेता नको म्हणाला तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.

रस्ता तुम्ही निवडा. त्यात एक चढ हवा, थोडा खराब रस्ता, एक गतिरोधक, यू टर्न घ्यायची जागा, थोडा वेगाचा रस्ता, आणि शेवटी अरुंद जागेत पार्किंग. चढावर भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचला. गीअर सारखे बदलताहेत का, इंजिन ओरडतंय पण गाडी जात नाही असं होतंय का? वेगवान रस्त्यावर शिरताना लागणारा जोर सात जणांसकट मिळतो का?

गतिरोधकानंतर गाडी एकदा वरखाली होऊन शांत व्हायला हवी. डोलत राहिली तर मागे बसलेल्यांचे हाल होतील. वळणावर किती कलते ते स्टिअरिंगवरून कळत नाही, मागच्यांना विचारा. मधेच थांबून स्वतः मागे जाऊन बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. पुढच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं का, हे तेव्हाच कळतं.

मागे कुणी वाहन नाही याची खात्री करून, सगळ्यांना सांगून, एकदा जोरात ब्रेक लावा. गाडी सरळ रेषेत थांबायला हवी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं, हे लहान गाडीलाही लागू आहे. पण अडीच टनाच्या गाडीत ती सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णता म्हणून सोसावी लागते, आणि लांब उतारावर ते तापतात. उतारावर खालचा गीअर हाताने धरून ठेवता येतो का, ते बघून घ्या.

सुरक्षेचे तारे कसे वाचायचे

पाच तारे हा शब्द ऐकून थांबू नका. चाचणी कोणत्या वर्षाच्या नियमांनी झाली ते बघा, कारण नियम दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुने पाच तारे आजचे पाच नसतात. चाचणी झालेल्या गाडीत जी उपकरणं होती ती तुम्ही घेताय त्या प्रकारात आहेत का, तेही ताडा. आणि समोरून धडकेच्या चाचणीचे गुण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडता येतात.

मागे बसणाऱ्यांकडे चाचण्यांचं लक्ष उशिरा गेलं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ मध्ये समोरच्या धडकेची एक चाचणी बदलून चालकाच्या मागे, दुसऱ्या रांगेत, लहान चणीचा पुतळा बसवायला सुरुवात केली. पुढच्या सीटसाठी उत्तम ठरलेल्या काही गाड्या त्यात मागच्या माणसासाठी कमी पडल्या. तिसऱ्या रांगेत नेहमीच्या चाचण्यांत पुतळा नसतोच. म्हणून तिथले बेल्ट, हेडरेस्ट आणि एअरबॅग तुम्हालाच तपासायचे आहेत.

ईएससी, म्हणजे घसरताना एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा, उंच गाडीत नसेल तर ती गाडी घेऊ नका. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासपासून ती बाजारात आली, आणि अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारावा.

इंजिन आणि चारही चाकांची ताकद

डिझेल लांब पल्ल्याला आणि ओझ्याला चांगलं. पण आधुनिक डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ती उष्णता मिळत नाही, गाळणी तुंबते. अशा वापराला पेट्रोल किंवा हायब्रिड बरं. विजेवरची घेणार असाल तर पत्रकातली रेंज भरलेल्या गाडीची, महामार्गाच्या वेगाची किंवा कडाक्याच्या थंडीतली नसते, हे धरून चाला. बॅटरीमुळे तिसऱ्या रांगेची जमीन वर आली आहे का, तेही बघा.

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलातून निघते, चढ चढते. थांबताना तिचा उपयोग नाही, तिथे टायरच कामाला येतात. हवं तेव्हा लावायची जुन्या पद्धतीची फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ती कोरड्या टणक रस्त्यावर लावू नये, पुढची-मागची चाकं वळणावर वेगळं अंतर कापतात आणि मधला भाग पिळवटतो. फक्त पक्क्या रस्त्याने जाणार असाल तर हा खर्च आणि वजन दोन्ही टाळा.

वापरलेली गाडी असेल तर

गाडी थंड असताना बघायला जा आणि बॉनेटवर हात ठेवा. आधीच गरम असेल तर सुरू होतानाचे दोष लपवलेले असू शकतात.

गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक काचेखाली, दाराजवळ आणि कागदांवर एकच आहे का ते जुळवा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. त्याच क्रमांकावरून कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे का आणि ती दुरुस्ती झाली का, ते विचारता येतं.

तिसऱ्या रांगेचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. जो भाग कधी बाहेर येत नाही तिथे चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. डिकीचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खोलगट जागेत गंज बघा. शिडी चेसिसची गाडी असेल तर ती वर उचलून घेऊन लोखंडाच्या पट्ट्या आणि जोड बघायलाच हवेत. ट्रेलरचा हुक घासलेला असेल तर तिने किती ओढलं आणि गीअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ मधला पस्तिसावा आठवडा. मोठ्या गाडीचे चार टायर ही मोठी खरेदी असते, भाव ठरवताना ती धरा. मागचा ब्लोअर, मागच्या काचा, तिसऱ्या रांगेची विजेवर पडणारी सीट, सगळं एकेकदा चालवून बघा.

सही करण्याआधी

घरी येऊन सुरुवातीचा नावांचा कागद काढा. प्रत्येक नावापुढे त्या माणसाची सीट लिहा आणि त्याला विचारा, तिथे चार तास बसशील का? हा प्रश्न घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला आधी विचारा. मी तो आईला दुसऱ्या गाडीच्या वेळी विचारला. ती शोरूममध्ये मागे जाऊन बसली, पाय खाली सोडले, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खिडकी उघडते का बघ."

उघडत नव्हती. आम्ही तिची जागा दुसऱ्या रांगेत, दाराशी ठरवली आणि तिसऱ्या रांगेत मुलं गेली.